जुन्या टी-शर्टांची पायपुसणी: गोव्याचा पावसाळा काढल्यानंतरचं माझं मत

हिवाळ्यात केलेली पायपुसणी आता अख्खा पावसाळा वापरून झालीयेत, म्हणून लिहितेय. उन्हाळ्यात सगळीच छान वाटतात हो, खरी परीक्षा जूननंतर.

आमचं घर फोंड्याकडे, अंगणात तांबडी माती, आत टाइल्स. तीन पट्ट्यांची वेणी घालून ती गोल गोल शिवत जायची, एवढंच काम. टी-शर्ट काखेखाली कापायचा आणि त्या नळकांड्याची दीड-दोन इंचाची एकच सलग पट्टी काढायची, ताणली की आपोआप गुंडाळते, कडा दुमडत बसावं लागत नाही. छातीवरचा रबरी प्रिंट मात्र काढून टाका, तो गुंडाळतही नाही आणि नंतर पोपडे पडतात. दीड बाय दोन फुटाला पाच-सहा मोठे टी-शर्ट सहज जातात, लोक दोन-तीन सांगतात त्यावर जाऊ नका. वळणावर बाहेरची वेणी सैल सोडत शिवायची, ताणली की मधे वाटीसारखं उठतं आणि मग कितीही इस्त्री करा, बसत नाही.

शिवायला दाभण आणि जाळी विणायचा नायलॉन दोरा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला. हा खर्च वसूल! एक पायपुसणं साध्या सुती दोऱ्याने शिवलं होतं, ऑगस्टमध्ये ओलीने कुजून मधूनच उसवलं, नायलॉनवाली तशीच्या तशी आहेत.

आता मुख्य गोष्ट. सुती टी-शर्टचं पायपुसणं बाथरूमच्या दाराशी एक नंबर, पाय ठेवला की पाणी शोषलंच. पण तेच जुलैत धुवायचं म्हणजे शिक्षा. ओलं झालं की जड होतं, मशीन स्पिनला धडधडतं, आणि वाळायचं नावच नाही, पंख्याखाली ठेवूनही वेणीच्या पोटात ओल राहते मग तो कुबट वास आणि काळे ठिपके. म्हणून सुती करायचं तर लहान आणि पातळ करा, दोन करा, आलटून पालटून वापरा. मोठ्ठा गालिचा करायची हौस ऑक्टोबरपर्यंत आवरा 😄

बाहेरच्या दाराला सासूबाईंच्या जुन्या पॉलिस्टर जॉर्जेट साडीचं केलंय. सुळसुळीत कापड, पट्ट्या कापताना दोरे निघून वैताग येतो, आणि पाणी शोषण्याच्या नावाने शून्य. पण पॉलिस्टर पाणी धरतच नाही त्यामुळे नळाखाली चिखल सोडवायचा, झटकायचं, पडवीत टाकायचं, संध्याकाळी परत दारात. सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, आता दुसरी साडी स्वतः काढून दिलीय.

रंगाचं पण सांगते, पांढरं-पिवळं दाराशी नकोच. आपल्या मातीचा डाग लोहाचा, ब्लीचने जात नाही. तपकिरी, मरून काहीही चालेल.

टाइल्सवर दोन्ही घसरतात, साडीचं तर जास्तच. घरात म्हातारी माणसं असतील तर खालून सिलिकॉन सीलंटच्या रेघा मारा आणि रात्रभर सुकू द्या. माझ्या रेघा अजून टिकल्यात, फक्त धुताना ब्रशने खालून घासत नाही.