अलामोगोर्डोत एकच दिवस: रॉकेट की रेल्वेपूल?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं अलामोगोर्डो १८९८ मध्ये वसलं तेच रेल्वेमुळे. आज मात्र लोक तिथे अंतराळ संग्रहालयासाठी जातात. डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी काचेची ही चौकोनी इमारत लांबूनच दिसते. १९६१ मध्ये अंतराळात जाऊन सुखरूप परतलेल्या हॅम या चिंपांझीची समाधी तिच्या दारातच आहे. बाहेर ‘सॉनिक विंड’ ही रुळांवरून धावणारी रॉकेटगाडी. १९५४ मध्ये तिच्यावर बसून अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि काही क्षणांत थांबले. मला तर वाचतानाच पोटात गोळा आला!

दुसरा पर्याय डोंगरातल्या क्लाउडक्रॉफ्ट गावाजवळचा मेक्सिकन कॅन्यन रेल्वेपूल. १८९९ चा, लाकडी, ३२३ फूट लांब. त्यावरून डोंगरातलं लाकूड खाली आणणारी रेल्वे १९४७ मध्ये बंद झाली. आता गाडी नाही, शिट्टी नाही, बघायला फक्त सांगाडा. पण घाट चढताना वाळवंट मागे पडतं, सूचिपर्णी झाडं सुरू होतात आणि हवा गार होते.

मुलं सोबत असतील तर संग्रहालयच. जून-जुलैत मात्र मी सरळ घाट चढेन.