नव्या खोक्यात रंगवलेले जुने शॉकॲब्सॉर्बर

जुन्या गाडीचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर घरी बदलणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं. माझी वॅगनआर २००८ची. खड्ड्यात खटखट, ब्रेक मारला की नाक खाली, टायरही जागोजागी झिजलेले. बाजारातून नामांकित कंपनीच्या खोक्यातली जोडी आणली. किंमत इतर दुकानांपेक्षा जेमतेम कमी होती, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. दुकानदाराने रॉड दाबून दाखवला. चांगला कडक होता.

फसवणूक त्या कडकपणातच होती. गॅरेजमधून निघालेले जुने शॉक गोळा करतात, नळीला भोक पाडून पातळ झालेलं तेल काढतात, जाड तेल भरतात, वेल्डिंग करून ग्राइंडर फिरवतात आणि वर काळा रंग मारतात. हाताला ते नव्यासारखेच घट्ट लागतात. पण आतला झिजलेला व्हॉल्व्ह आणि सील तेच असतात. गॅसच्या शॉकमध्ये नायट्रोजन असतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून. तो इथे भरलेलाच नसतो. खराब रस्त्यावर तेल तापतं, फेसाळतं आणि शॉक ढिला पडतो. माझ्या गाडीचं तेच झालं. काही आठवड्यांतच डावीकडच्या नळीवर तेल ओघळलं.

पुन्हा सगळं उतरवावं लागलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, शॉकभोवतीची स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे ती आवळून धरणाऱ्या शिकंज्याने, दाबल्याशिवाय रॉडच्या टोकाचं नट सोडलं तर जीवावर बेततं. त्या दुकानदाराच्या लबाडीपायी हा धोका मला दुसऱ्यांदा पत्करावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही. रंग खरवडला तर स्प्रिंगच्या बशीखाली वेल्डिंगचा टिपका निघाला. नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) बसणाऱ्या बोल्टच्या भोकांभोवती वॉशरचे जुने गोल वळ होते, रॉडच्या आट्यांवर पान्याच्या खुणा होत्या आणि कोरलेला नंबर घासून पुसलेला होता.

दुकानदार म्हणाला, "साहेब, घरी फिटिंग केलंत ना? तिथंच चुकलं असणार. सस्पेन्शनच्या मालाला गॅरंटी नसते." घरी काम करणारं गिऱ्हाईक त्यांना म्हणूनच सोपं वाटतं. दोष आपल्या हातांवर ढकलता येतो आणि बाजू घ्यायला मेकॅनिक नसतो. शिवाय बिल कच्चं, त्यावर नुसतं "शॉकप जोडी".

म्हणून शॉक बसवायच्या आधी फोटो काढाच: खोक्यावरची किंमत, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, कोरलेला नंबर, बोल्टची भोकं, आटे. जीएसटी क्रमांकाचं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. आपल्या मॉडेलला गॅसचा शॉक असेल तर दाबलेला रॉड सोडल्यावर आपोआप हळूहळू बाहेर यायला हवा. तेलाचा शॉक असा वर येत नाही, तेव्हा आपला प्रकार कोणता ते आधी पक्कं करा. डावा-उजवा तपासा, ब्रेकच्या पाइपचा ब्रॅकेट वेगळ्या बाजूला असतो.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. खोटा ट्रेडमार्क लावून माल विकणं तर गुन्हाच आहे. खरवडलेल्या वेल्डिंगचे फोटो पुढे केल्यावर दुकानदाराने पैसे परत दिले, पण माल परत हवा म्हणून हटून बसला. तो माल पुन्हा रंगून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत गेला असता, म्हणून मी दिला नाही.

दोन्ही शॉकचे रॉड ग्राइंडरने कापले आणि मगच भंगारात टाकले. तुमचे जुने शॉकही तसेच कापून द्या, गॅरेजमध्ये बदलून घेतले तरी मागून घ्या.