मराठी प्रबंधातील तक्ते: टॅब्युलर, बुकटॅब्ज की टॅब्युलरे?

जळगाव-धुळ्याकडचे जे विद्यार्थी केळी किंवा कापसावरचा प्रबंध लेटेक (LaTeX) या अक्षरजुळणी प्रणालीमध्ये मराठीतून जुळवत आहेत, त्यांना तक्त्यांसाठी तीन पर्यायांतून निवड करावी लागते: लेटेकचे स्वतःचे टॅब्युलर, किंवा बुकटॅब्ज (booktabs) आणि टॅब्युलरे (tabularray) ही जोड-पॅकेजेस.

मूळ टॅब्युलर कोणत्याही संगणकावर चालते. रकान्याच्या दोन्ही बाजूंना ते ६ पॉइंट जागा सोडते आणि टॅबकोलसेप (tabcolsep) हे त्या जागेचे माप बदलून ती हवी तशी करता येते. खरी अडचण उभ्या अंतराची आहे. १० पॉइंटचा मजकूर आणि १२ पॉइंटचे ओळ-अंतर असेल, तर प्रत्येक ओळीसाठी आधाररेषेच्या (अक्षरे जिच्यावर बसतात त्या अदृश्य रेषेच्या) वर ८.४ व खाली ३.६ पॉइंट जागा राखली जाते. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीत मात्र ‘एरंडोल’चा अनुस्वार वरच्या रेषेला भिडतो आणि ‘मुक्ताईनगर’चा उकार खालच्या रेषेवर टेकतो. अॅरेस्ट्रेच (arraystretch) हा ओळीच्या उंचीचा गुणक १.३ केला, तरी वाढ त्याच प्रमाणात वाटली जात असल्याने वर अडीच पॉइंट मिळतात, खाली जेमतेम एक. अॅरे पॅकेजमधील एक्स्ट्रारोहाइट (extrarowheight) हे ओळीची उंची वाढवणारे माप तर फक्त वरच जागा देते, त्यामुळे उकाराची दाटी तशीच राहते.

बुकटॅब्ज ही जागा रेषेलाच जोडून देते. अक्षर कितीही उंच असले तरी ते रेषेला चिकटत नाही, आणि वरची-खालची रेषा मधल्या रेषेहून जाड असल्याने तक्ता वाचायला सोपा जातो. मात्र उभ्या रेषा तिथे तुटतात. मार्गदर्शकांना चौकटीचाच तक्ता हवा असेल, तर हा मार्ग सोडावा.

२०२१ मध्ये आलेल्या टॅब्युलरेत ओळीच्या वरची आणि खालची जागा वेगवेगळी ठरवता येते, उभ्या रेषा अखंड राहतात, आणि एखाद्याच घरातला मजकूर मध्ये किंवा तळाशी नेता येतो. मराठीसाठी मला हाच पर्याय सर्वांत योग्य वाटतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: लांब तक्ते असले की संकलन (कंपाइल होणे) रेंगाळते, आणि महाविद्यालयातील जुन्या टेकलाइव्हमध्ये (लेटेकच्या तयार संचात) हे पॅकेज नसण्याची शक्यता असते. त्यामुळे मोजकेच, बिनचौकटीचे तक्ते असतील तर बुकटॅब्ज पुरेसे आहे.

आकड्यांच्या बाबतीत तिन्हींसाठी एकच पथ्य आहे. एसआययुनिटएक्स (siunitx) या पॅकेजचा दशांश जुळवणारा रकाना मुळात 0 ते 9 या इंग्रजी अंकांसाठी आहे. देवनागरी अंकांसाठी दशांश स्थळे सर्वत्र सारखी ठेवून रकाना उजवीकडे जुळवावा, म्हणजे ४५.५० आणि १,१२०.२५ यांचे दशांशचिन्ह एकाखाली एक येते.