पाणचक्की आणि धबधबा: लेआउटवर पाणी कशाचं करायचं?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि आजूबाजूचा देखावा मांडलेल्या टेबलावर, पाणचक्की आणि शेजारी धबधबा करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच प्रश्नावर अडतात: रेझिन घ्यावं, ऍक्रिलिक घ्यावं, की सरळ पंप लावून खरंच पाणी सोडावं? मीही तिथेच अडलो होतो. आता वाटतं, त्याआधी एक आकडा ठरवायला हवा होता. चक्कीपाशी पाणी किती उंचीवरून खाली येणार आहे? पाणी कशाचं, हे बरंचसं त्यावर ठरतं.

चाकापासून सुरुवात करू. एका चाकावर पाणी वरून पडतं आणि त्याचे कप्पे भरतात, तर दुसऱ्याच्या पात्यांना वाहतं पाणी खालून ढकलतं. मध्यावर पाणी घेणारं चाकही असतं, ते इथे सोडून देतो. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने १७५९ साली आपल्या प्रयोगांतून मांडलं, की वरून भरणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम देतं. म्हणजे उंची मिळत असेल तर चक्कीवाला वरून पाणी घेणारच. ४ मीटर व्यासाचं चाक, त्याच्या डोक्यावर पन्हळ आणि खाली पाणी निघून जायला थोडी जागा, असे साधारण ५ मीटर धरा. मॉडेलच्या ठरलेल्या मापांपैकी (स्केल) एचओमध्ये (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) ते ५७ मिमी होतात, एनमध्ये (१:१६०) ३१ आणि ओमध्ये (१:४८) १०४. लेआउटचा पाया सपाट फळीचा असेल आणि रुळांखाली जेमतेम इंचभर थर्माकोल असेल, तर एचओमध्ये वरून भरणारं चाक बसत नाही. ओढ्यात बुडलेलं साधं पात्यांचं चाक करा. धबधबाही मग हातभर उंच नको, खडकांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी पुरे.

धबधब्याच्या धारेखालीच चाक ठेवलेली मॉडेलं पुष्कळ दिसतात. चित्रात ते गोड दिसतं, पण खरं चाक तिथे पहिल्या पुरातच मोडेल. खऱ्या चक्कीचं पाणी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने पाटात वळवतात, फळी उचलून किंवा पाडून कमी-जास्त करतात आणि पन्हळीतून चाकावर आणतात. धबधबा म्हणजे चक्कीला न लागलेलं पाणी, ते बाजूने पडतं. हे लक्षात घेतलं की धबधब्याची आणि चाकाची उंची एकमेकींना धरून राहते आणि देखावा पटतो.

किटमधलं चाकही नीट बघून घ्या. नुसती सपाट पाती असतील आणि वर पन्हळ टेकवली, तर पाणी धरायला कप्पेच नाहीत. पन्हळ चाकाच्या माथ्यावरून पुढे जात असेल तर माथा पाण्याच्याच दिशेने फिरतो. माझी मोटर महिनाभर उलटी फिरत होती, आणि ते दाखवलं एका नऊ वर्षांच्या मुलीने. वेग मिनिटाला ६ ते ८ फेऱ्यांपुरताच ठेवा. त्यासाठी गिअर असलेली संथ मोटर लागते, साध्या मोटरचा वेग कितीही उतरवला तरी चाक झटके देत फिरतं.

आता पाणी. खऱ्या पाण्याचा नाद मी वर्षभर केला. घरी येणारे सगळे त्याच्याशीच थांबत, हे कबूल. पण पाणी स्केलप्रमाणे लहान होत नाही. ३ मिमीचा थेंब एचओमध्ये २६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चक्कीवरून बादलीएवढे थेंब टपकतात. शिवाय शेवाळ धरतं, पाणी उडून जातं, प्लास्टर फुगतं आणि जवळच्या रुळांवर गंज चढतो. प्रदर्शनात दोन दिवस मांडायचं असेल तर ठीक, कायमच्या लेआउटवर नको.

डोहासाठी खरी निवड दोन भागांचं इपॉक्सी रेझिन की बाटलीतून थेट ओतायचं ऍक्रिलिक, एवढीच. तिसरं पॉलिस्टर रेझिन. ते काचेसारखं होतं, पण वास घर सोडायला लावतो आणि थर्माकोल विरघळतं. तो पर्याय मी बादच करतो.

इपॉक्सीची खोली डोळ्यांना पटते. तळ गडद हिरवट-तपकिरी आणि कडेला वाळूचा रंग दिला, तर सहा मिलिमीटरचा डोह पुरुषभर खोल वाटतो. मात्र दोन्ही भाग मोजूनमापूनच घ्यायचे. पेल्याच्या तळाशी न मिसळलेलं रेझिन राहतं आणि तेवढा भाग कायम चिकट राहतो, म्हणून मिसळून झालं की दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळा. तळाचं प्लास्टर आधी रंग किंवा गोंद लावून बंद करा, नाहीतर त्यातली हवा रात्रभर बुडबुडे सोडत बसते. आणि गळती! टाचणीएवढं भोकही रेझिन शोधून काढतं. माझ्या पहिल्या डोहातलं अर्धं सकाळी टेबलाखाली, गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या मोटरवर घट्ट झालेलं सापडलं. आता मी आदल्या दिवशी काठांना गोंदाचे दोन हात देतो.

ऍक्रिलिकला मोजमाप नाही, वास नाही, ब्रश पाण्याने धुतला की झालं. पण ते सुकताना आक्रसतं, एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड ओतलं तर आत दुधाळ राहतं, आणि दर थराला किमान एक दिवस जातो. पाटासाठी, उथळ ओढ्यासाठी आणि चाकाखालच्या पाण्यासाठी मी हेच घेतो. खोल डोह मात्र इपॉक्सीचाच. काठावर चढून चकाकणारं रेझिन नंतर मॅट वॉर्निशने मारता येतं.

धबधब्याची गोष्ट वेगळी, कारण ओतलेलं पाणी उभं राहत नाही. कातळाला घासून उतरणारी धार असेल तर जाड ऍक्रिलिक जेल ब्रशने थेट खडकावरच ओढा, दुसरा विचार नको. पण कड्यावरून सुटी पडणारी धार हवी असेल तर ती वेगळी करून मग लटकवावी लागते. प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉन सीलंटच्या रेघा शेजारी शेजारी सोडायच्या, टूथपिकने वरून खाली विंचरायच्या, काही ठिकाणी मुद्दाम फट ठेवायची. दुसऱ्या दिवशी सालीसारखी पट्टी सुटते. ती वाकते, आक्रसत नाही. अडचण एकच: सिलिकॉनवर रंग धरत नाही. म्हणून पांढऱ्या फेसासाठी वरून जेलचा पातळ हात द्यायचा आणि तो खरवडला जाणार नाही अशा जागीच ठेवायचा. सबंध धार जेलचीच केली तर रंग छान बसतो, पण एचओमध्ये दहाएक सेंटिमीटरच्या पुढे ती ओघळून वाकडी होते. बंधाऱ्यावरून एकसंध पडणाऱ्या पडद्याला मात्र गरम करून वाकवलेली पारदर्शक शीट दोन्हींपेक्षा बरी.

पांढरा रंग जपून. पाणी खडकावर आपटतं तिथे आणि पायथ्याशी, तेवढाच. सगळीकडे दिला की धबधबा टूथपेस्टचा दिसतो.

चक्कीच्या इमारतीबद्दल फार लिहीत नाही. फळ्यांची जुनी चक्की हवी तर लेझरने कापलेल्या लाकडाचं किट, दगडी हवी तर प्लास्टिक. दोन किटं कापून एक करणाऱ्यांनी संकोच करू नये: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातली ग्लेड क्रीकची प्रसिद्ध चक्की १९७६ साली उभी राहिली तीच जुन्या चक्क्यांचे भाग जोडून. पाया तेवढा डोह ओतण्याआधी बसवा, नाहीतर भिंत पाण्यावर तरंगते. वरची इमारत मात्र चिकटवू नका. माझी आजही पायावर नुसती टेकवलेली आहे, चाकाच्या आसाला तेल द्यायचं असलं की उचलतो.