लाँग रेंज टॉर्च आणि १८६५० सेल: मार्च ते दिवाळी, सोलापूरच्या रानातला वापर

शेतीपंपाची लाईट रात्रपाळीत आली की सोलापूरकडं टॉर्चला दोन कामं असतात. एक, वस्तीवरून मोटरीपर्यंत जाताना आणि दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, पायाखालचं बघणं. दुसरं, मक्यात डुकरं शिरलीत का, पलीकडच्या बांधावर चमकणारे डोळे कुत्र्याचे की आणखी कशाचे, हे लांबूनच ओळखणं. करमाळ्याकडच्या उसात बिबट्या दिसायला लागल्यापासून हे दुसरं काम गमतीचं राहिलेलं नाही. खालचा अनुभव त्याच कामाचा आहे. टॉर्च कॉन्व्हॉय कंपनीची सी८ प्लस, एका १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) चालणारी. वापर रोजचा, ऐन उन्हाळ्यासकट.

खोक्यावर छापलेली '२ किलोमीटर रेंज' आधी डोक्यातून काढा. रेंज ठरते कँडेलावर, ल्यूमेनवर नाही. ल्यूमेन म्हणजे एकूण उजेड किती; कँडेला म्हणजे झोताच्या मधोमध तो किती एकवटलाय. हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, तेवढे मीटर म्हणजे कागदावरची रेंज. ४०,००० कँडेलाला ४०० मीटर, ९०,००० ला ६०० मीटर. २ किलोमीटरसाठी १० लाख कँडेला लागतात, आणि ते पाचशे रुपयांच्या टॉर्चमध्ये येत नाहीत. त्यातही ही कागदी रेंज म्हणजे जिथं पाव लक्स उजेड उरतो ते अंतर, साधारण टिपूर चांदण्याइतका. तेवढ्यात तिथं काहीतरी हललं एवढंच कळतं. जनावर ओळखायचं तर निदान १ लक्स हवा आणि तो निम्म्या अंतरावर मिळतो. म्हणून ४०० मीटर लिहिलेली टॉर्च २०० ची समजून घ्या. एकरा-दोन एकरांच्या तुकड्यांत एवढी पुरून उरते.

सी८ आकार यासाठीच बरा. डोकं साधारण ४५ मिमी रुंद, आत खोल गुळगुळीत रिफ्लेक्टर, आणि अंगानं खिशात मावेल अशी. त्याच रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बदलला की झोत बदलतो. एसएफटी४० नावाचा एलईडी चपटा, वर घुमट नसलेला. त्याचा झोत अरुंद आणि लांब जाणारा. एसएसटी४० हा एलईडी घुमटाचा; त्यानं मधला ठिपका मोठा होतो, आजूबाजूलाही जास्त दिसतं, पण पल्ला कमी. राखणीला पहिला, येण्याजाण्याला दुसरा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका निळसर; ६५०० पेक्षा ५००० घ्यावा, मिळत असेल तर. निळसर पांढऱ्या उजेडात काळ्या मातीवरची घोणस आणि वाळलेलं पाचट एकसारखं दिसतं. उन्हाळ्यात हवेत धूळ असली की थंड पांढरा झोत डोळ्यांसमोरच पांढरा पट्टा होऊन उभा राहतो, तोही त्रास ५००० मध्ये कमी.

झूमवाली, डोकं पुढंमागं सरकणारी टॉर्च मात्र घेऊ नका. पूर्ण झूम केल्यावर भिंतीवर एलईडीचा चौकोन दिसतो आणि दुकानात तो भारी वाटतो. पण लेन्सच्या बाहेर गेलेला उजेड सगळा वाया जातो. शिवाय सरकत्या सांध्यातून धूळ आणि पाणी आत जातं.

आता सेल. आधी सेल ठरवावा आणि मग टॉर्च, कारण बाजारात फसवणूक इथंच जास्त आहे. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. या आकारात सर्रास मिळणाऱ्या चांगल्या सेलची क्षमता ३००० ते ३५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) असते. ५८००, ९९०० असे आकडे छापलेले सेल सरळ खोटे आहेत. ओळखायला सोन्याचांदीचा वजनकाटा पुरतो: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, खोटा कित्येकदा तीस-पस्तीसच्या आत. दुसरी फसवणूक जास्त हुशारीची: जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल काढून त्यांना नवं वेष्टण चढवलेलं असतं. वजन बरोबर भरतं, पण ऋण टोकाकडं नीट बघितलं की स्पॉट वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा ते घासून काढल्याचे ओरखडे दिसतात. नव्या सेलचा तळ गुळगुळीत असतो. पॅकवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

कोणता घ्यायचा हे टॉर्च किती करंट ओढते त्यावर. सॅमसंग ३०क्यू ३००० एमएएचचा, पण १५ अँपिअर देतो. सॅमसंग ३५ई ३५०० चा, देतो ८. एलजी एमजे१ ३५०० चा, १०. पाच अँपिअरच्या वर ओढणाऱ्या टॉर्चला ३०क्यू लावा. ३५ई वर फुल मोडला व्होल्टेज लवकर बसतं आणि झोत मंद वाटायला लागतो. उलट, रात्रभर मंद मोडवरच चालवायची असेल तर ३५०० वाला फायद्याचा. हिशेब कच्चा पण कामाचा: ३००० एमएएच सेलवर ३ अँपिअरला तासभर, १ अँपिअरला तीन तास, ०.३ अँपिअरला दहा तास. दारं धरायला तो शेवटचा मोडच पुरतो. फुल मोड झोत टाकून बघण्यापुरता. दोन-तीन मिनिटांत डोकं तापतं आणि ड्रायव्हर, म्हणजे टॉर्चमधलं करंट सांभाळणारं सर्किट, आपोआप उजेड उतरवतो. मे महिन्यात रात्री नऊला हवाच पस्तीस अंशाला असते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. त्याला बिघाड समजू नये.

सेल चपट्या टोकाचा की बटण टोकाचा? ज्या टॉर्चमध्ये दोन्हीकडं स्प्रिंग आहे तिथं चपटा बिनधास्त बसतो. काही सेलना आतच संरक्षण सर्किट असतं, त्यानं सेल ६८ ते ७० मिमीपर्यंत लांब होतो. जोर लावून झाकण फिरवलं तर स्प्रिंग दबून कायमची बसते. शिवाय काही सर्किटं जास्त करंटला कटऑफ मारतात आणि टॉर्च ऐनवेळी विझते. एकसेली टॉर्चच्या ड्रायव्हरमध्ये ३ व्होल्टच्या आसपास सेल उतरल्याचा इशारा असेल तर बिनसर्किटचा साधा सेल चालतो. दोन सेल एकापुढं एक लागणाऱ्या टॉर्चला मात्र एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले, सारखे चार्ज केलेले सेल हवेत. नाहीतर कमजोर सेल उलटा चार्ज होतो, आणि तिथून पुढचा प्रकार धोक्याचा.

चार्जर वेगळा घ्यावा. लिटोकाला एलआयआय ५०० सारख्या चार्जरवर ३०० ते १००० मिलीअँपिअर असा करंट निवडता येतो आणि टेस्ट मोडला सेल पूर्ण भरून, रिकामा करून खरी क्षमता दाखवतो. नवा सेल आला की आधी हेच करा, म्हणजे परत करायच्या मुदतीतच काय ते कळतं. रोजच्याला ५०० किंवा १००० वर लावा, ४.२ व्होल्टला काढा. चार्जिंग ४५ अंशांच्या आतच करायचं असतं, आणि मेमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा याच्या वर जातो. म्हणून चार्जिंग संध्याकाळनंतर, घरात, फरशीवर. मोटारसायकलच्या डिकीत नाहीतर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात पडून राहिलेला पूर्ण भरलेला सेल सर्वात लवकर म्हातारा होतो. महिनाभर वापरायचा नसेल तर ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवा. टाइप-सी पोर्टच्या टॉर्चबद्दल एक: फोनच्या नव्या सी टू सी केबलनं कित्येक स्वस्त टॉर्च चार्जच होत नाहीत, कारण आतले दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. जुनी चौकोनी टोकाची केबल लावली की चालू.

वापरात त्रास झाला तो मातीचा. काळ्या रानाची बारीक माती झाकणाच्या आट्यांत बसते, आटे करकरतात आणि टॉर्च मधूनच मिणमिणते. दहापैकी नऊ वेळा मिणमिणण्याचं कारण हेच, सेल नाही. जुन्या टूथब्रशनं आटे साफ करायचे, बॉडीची उघडी कड स्पिरिटनं पुसायची, रबरी रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस. शिलाई मशीनचं तेल नको, त्याला धूळ आणखी चिकटते. आणि रिफ्लेक्टर फडक्यानं पुसू नका, कितीही धुरकट दिसला तरी. त्याचा चकचकीत थर कापडानंही ओरखडतो. फक्त हवा मारा.

उसात शिरल्यावर ही टॉर्च निकामी. हातभर अंतरावरची पानं एवढी चमकतात की पलीकडचं काही दिसत नाही. तिथं कपाळावरची पसरट उजेडाची टॉर्च हवी, सी८ बांधावरून वापरायची. नान्नजकडच्या मंडळींनी माळढोक अभयारण्याच्या आसपास झोत फिरवण्याआधी वनखात्याच्या नियमांचा विचार करावा.

गावातल्या दुकानात मिळणारी लेड-ॲसिडची, मागून दोन पिना निघणारी टॉर्च अजून घरोघरी आहे. दुरुस्ती कुठंही होते हा तिचा मोठा गुण. पण उतरलेली ठेवून दिली की महिन्या-दोन महिन्यांत तिची बॅटरी बसते. अनेक स्वस्त मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्टची लाईन सर्किटला जवळपास थेट जोडलेली असते. प्लगमध्ये असताना ओल्या हातानं तिला शिवू नये.

पैशांचं म्हणाल तर टॉर्च, एक चांगला सेल आणि चार्जर मिळून साडेतीन-चार हजारांच्या आसपास जातं. २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आल्यापासून थेट मागवणं संपलं, इथले विक्रेते थोडे चढ्या भावानं देतात. पैसे कमी पडत असतील तर टॉर्चमध्ये तडजोड करा, सेलमध्ये नको. दुसरा सेल मात्र प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्यांसोबत पडला तर शॉर्ट होऊन कापड जळतं. वेष्टण फाटलेला सेल नवं वेष्टण घातल्याशिवाय वापरायचा नाही. टेस्टला क्षमता दोन हजारांवर आली की तो कमी करंटच्या हेडटॉर्चला लावा. २.५ व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिलेला सेल मात्र पुन्हा चार्ज करू नका: दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.