रिंगणात घोडी नेताना: भरजरी साज की साधी म्होरकी?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी नुसती मिरवायची असेल तर साजाचा फार विचार करावा लागत नाही. गोंडे, कवड्यांच्या माळा, गळ्यात हैकल, पायात घुंगरू, जेवढं घालाल तेवढं शोभतं. दत्तजयंतीपासून तापीकाठी जो थाट उभा राहतो, त्यात उघडी घोडी ओकीबोकी दिसते हे मलाही पटतं. अडतं ते जातिवंतपणाच्या स्पर्धेत, जिथे परीक्षक जनावराभोवती फिरून एकेक अंग पारखतात. मारवाडी किंवा काठेवाडी घोडी पहिल्यांदाच अशा रिंगणात उतरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. भरजरी साज आणि साधी म्होरकी, म्हणजे तोंडात लगाम नसलेला डोक्यावरचा पट्टा, असे दोन्ही मी वापरले आहेत.

भरजरी साजाच्या बाजूने बोलायचं तर लांबून नजर त्याच्यावरच जाते. माझी घोडी कुमेद, म्हणजे तांबूस रंगाची आहे, तिच्या अंगावर लाल-पिवळे गोंडे फार खुलतात. गर्दी थांबून बघते, आणि आपल्यालाही अभिमान वाटतोच. पण झुलीखाली पाठ झाकते, घुंगरांच्या पट्ट्यांखाली खुरांच्या वरचे गामचे झाकले जातात, आणि परीक्षकांना नेमकं तेच बघायचं असतं. तरी ही अडचण किरकोळ म्हणता येईल, कारण झूल उतरवायला अर्धा मिनिट लागतो.

माझं मन फिरलं ते कपाळपट्टीमुळे. जरीची, आरसे लावलेली, दोन्ही टोकांना कानांशी गोंडे असलेली अशी ती पट्टी होती. पहिल्या वर्षी एका प्रदर्शनात घोडी आत नेली आणि तिने कान पाडले ते वर घेईचना. परीक्षक समोर उभे राहिले, घोडी सांभाळणाऱ्या मोतदाराने चुटक्या वाजवल्या, पिशवी सळसळवली. ती नुसती डोकं झटकत राहिली. या जातींत कान म्हणजे अर्धी घोडी. कान टवकारले की टोकं आत वळून एकमेकांना भिडली पाहिजेत, काठेवाडीत तर ती वळणं आणखी ठळक असतात. आमची पाळी गेली आणि तिचे कान कुणी धड पाहिलेच नाहीत. बाहेर येऊन पट्टी सोडली तर आतल्या बाजूला जरीची तार उसवून वर आलेली, आणि डाव्या कानाच्या मुळाशी नखाएवढा लाल ओरखडा. तो आम्ही घरून निघतानाच बघायला हवा होता. नंतर तार कापून, आतून मऊ कापड लावूनही वापरून पाहिलं. टोचणं थांबलं, पण गोंडा कानाला लागला की ती कान मागे घेतेच.

पुढच्या वर्षी साधी चामड्याची म्होरकी घातली, नीट तेल दिलेली, कानामागचा पट्टा अरुंद. आत शिरताच कान उभे! दात बघतानाही सोपं गेलं, तोंडात काही अडकलेलं नव्हतं.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. लहानपणापासून गोंड्यांची सवय असलेली शांत घोडी कदाचित काही मनावर घेणार नाही. भीमथडी जातीत कानांचं असं वळण बघायचं नसतं, तिथे हा मुद्दा बराच सौम्य होतो. आणि वयात आलेला घोडा नुसत्या म्होरकीवर गर्दीत नेऊ नये. त्याला साधी कडीची लगाम हवीच. काटेरी लगाम मात्र दोन्हींपैकी कुठल्याच साजात नको. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांशी क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनीच काटे असलेल्या लगामीला बंदी आहे, आणि जिभेला जखम झालेलं जनावर मान मोकळी सोडत नाही.

आपल्या कपड्यांचंही तसंच. धोतर आणि कोल्हापुरी देखणी दिसते, पण दुडकी चाल दाखवताना घोडीबरोबर पळावं लागतं. मी पांढरा कुर्ता, सुरवार आणि घट्ट बसणारे बूट घालतो. फेटा सोडलेला नाही. फक्त शेमला आत खोवतो, कारण वाऱ्यावर तो फडफडला की घोडीचं लक्ष मागे जातं.

भरजरी साज अजून पेटीत जपून ठेवला आहे. निकाल लागला की मिरवणुकीला तोच घालतो, कपाळपट्टी तेवढी वगळून.