पन्हाळा-पावनखिंड शाळेची सहल: ५ पैकी साडेतीन स्टार

पोरगी सातवीत, शाळेनं एका टूरवाल्याकडून सहल काढलेली आणि पालक म्हणून मीपण गेलो. पहिलं वाईट सांगतो, बस कोल्हापुरातनंच सव्वा तास लेट, पोहे गार, आणि पन्हाळ्यावर ‘तीन दरवाजा’ नावाच्या दरवाजात पोरं नुसती सेल्फी काढत बसली कारण गाईड माईकवर काय बोलतोय कुणालाच ऐकू येत नव्हतं.

पण अंबरखान्यात गेल्यावर चित्र बदललं. त्या काळोख्या धान्यकोठारात उभं राहून गाईडनं विचारलं, सिद्दी जौहरनं १६६० मध्ये चार महिने वेढा घातला तर आत माणसं खात काय असतील? आमची बया, जी घरी पुस्तक उघडत नाही, ती भिंतीला हात लावून वर बघत बसली. मग महाराजांचं सोंग घेऊन शत्रूकडे गेलेल्या शिवा काशीदची गोष्ट, तेव्हा सगळी गप्प.

खरी मजा पावनखिंडीत. जुलैचा पाऊस, खाली पाणी, दगड शेवाळलेले, एक पोरगं घसरलं, लागलं नाही सुदैवानं. महाराज वेढ्यातनं निसटले तेव्हा बाजीप्रभूंची ३०० माणसं एवढ्याशा फटीत मोठी फौज कशी अडवू शकतात हे तिथं उभं राहिल्यावर आपोआप कळतं, सर फळ्यावर कितीबी नकाशे काढू देत. पण तिथं दिले किती? वीस मिनिटं! आणि मॉलसारख्या त्या हॉटेलात दीड तास जेवण. टूरवाल्यांनो, उलटं करा की राव.

परत जायचं का? पोरगी म्हणते आता चालत जाऊया, पन्हाळ्यापासनं. माझे गुडघे विचारात पडलेत.